कोणची पिशवी?

आमच्याकडं बाईची पिशवी काढतात. बोलताना एवढंच बोलतात. "हिची पिशवी काढली", "तिला काढायला सांगितलीय". कसली पिशवी, आत ती काय काम करत होती, हे कुणी विचारत नाही. ऐकणारीला कळलेलं असतं. गर्भाशय हा शब्द पुस्तकात आहे, भिंतीवरच्या पोस्टरवर आहे. बायकांच्या तोंडात पिशवीच. शहराला कोणत्या नावानं हाक मारायची यावर आमच्याकडं शेअर रिक्षातसुद्धा दोन तट पडतात. पोटातल्या अवयवाला मात्र नाव हवं असं कुणाला वाटत नाही, आणि तो बाईचा अवयव असेल तर नाहीच नाही.

याची, आणि जरा दुखलं की ती काढून टाकायच्या घाईची मला चीड होती. अजून आहे. त्या चिडीतून मी पत्रक लिहिलं. वर मोठ्या टाइपात: "ताई, तुझी पिशवी तुझी आहे!" खाली: "दुखलं की काढा, हा उपचार नव्हे. घाई करणाऱ्याला ठणकावून सांग, मी पिशवी काढू देणार नाही!" पत्रक लिहायला मी कॉलेजात शिकले, मोर्च्यांच्या आदल्या दिवशी. वाक्य आखूड ठेवायचं, लोकांचा शब्द वापरायचा, उद्गारचिन्हाला लाजायचं नाही. गर्भाशय लिहिलं असतं तर कागद शेंगदाण्याच्या पुड्या बांधायला गेला असता. पिशवी लिहिलं म्हणून बायकांनी तो घडी घालून पर्समध्ये ठेवला. क्रांती चौकाजवळच्या झेरॉक्सवाल्यानं तो गुलाबी कागदावर काढून दिला आणि काढता काढता स्वतः वाचला. दुकानदार आपण होऊन वाचतो ते पत्रक चांगलं, हा माझा हिशेब. मला त्या कागदाचा फार अभिमान होता.

पत्रकं मोठ्यांसाठी. शनिवार मुलांचा. आमच्या भागातल्या एका शाळेत मला शनिवारी एक तास मिळाला होता, सहावीच्या पोरांना शरीर शिकवायला. मी शिक्षिका नाही. पण मोठ्या बायकांना आपल्या पोटात काय आहे हे माहीत नसतं, कारण त्या बारा वर्षांच्या असताना कुणी सांगितलेलं नसतं. सुरुवात तिथूनच करायची, असं मी ठरवलं होतं.

त्यासाठी एप्रन शिवून घेतला. पांढऱ्या मांजरपाटाचा, गुडघ्यापर्यंत येणारा, आणि त्यावर वेल्क्रोनं चिकटवायचे कापडी अवयव. शिवला आमच्या गल्लीतल्या चाचांनी. आयुष्यभर त्यांनी ब्लाउज आणि शेरवान्या शिवल्या, पण या कामाला ते असे बसले की बाकीची गिऱ्हाइकं आठवडाभर ताटकळली. लाल सॅटिनचं हृदय, गुलाबी अस्तराची फुप्फुसं, मरून ब्लाउजपीसचं यकृत. आतडं त्यांनी तीन जुन्या ओढण्या जोडून केलं. उलगडलं की ते फळ्यापासून वर्गाच्या दाराबाहेर जायचं. सगळं हातात देऊन झाल्यावर त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"दिल हो गया, कलेजा हो गया, गुर्दे हो गये. पित्ता किधर है बेटा?"

"छोटा है चाचा. नको तो."

"छोटा है बोलके छोड़ दिये?"

मी हसून सोडून दिलं. चाचा हसले नाहीत.

शाळेच्या मुख्याध्यापक बाईंनी एप्रन टेबलावर पसरून पाहिला. वरून खाली बोट फिरवत आल्या, मूत्राशयाशी थांबल्या. तिथं, मूत्राशयाच्या मागं, चाचांनी अजून न शिवलेल्या एका अवयवासाठी मी वेल्क्रोची रिकामी पट्टी लावून घेतली होती.

"इथं काय यायचंय?"

"गर्भाशय."

"मुलं-मुली एकत्र बसतात हो. बाकी सगळं शिकवा, हे खालचं नको. पालक माझ्या अंगावर येतील, तुमच्या नाही."

मी भांडले नाही. कलेक्टर कचेरीसमोर पोलिसांशी हुज्जत घालणारी मी, एका बाईंच्या टेबलापुढं "बरं" म्हणाले. तास बंद पडेल याची भीती वाटली. पट्टी रिकामीच राहिली.

वर्ग मात्र दणक्यात चालायचा. माझी पद्धत एकच: आधी घरचा शब्द, मग पुस्तकातला. एकानं एप्रन घालून उभं राहायचं, बाकीच्यांनी अवयव लावायचे. पहिल्या शनिवारी मी यकृत वर धरलं तर अर्धा वर्ग ओरडला, "कलेजी!" मूत्रपिंडाला "गुर्दा!" आणि ओढण्यांचं आतडं निघालं तेव्हा मागून आवाज आला, "वजडी, वजडी! ताई, मटणाच्या दुकानात आलो काय आपण?" मग भांडण लागलं काळजावरून. एक म्हणे काळीज म्हणजे हृदय, पुस्तकातल्या कवितेत तसंच आहे. दुसरी म्हणे आमच्याकडं काळीज शिजवतात, ते हेच मरून. दोघं माझ्याकडं बघायला लागले. मी म्हटलं, दोघंही बरोबर आहात, म्हणून तर डॉक्टरकडं गेल्यावर नाव नीट सांगायचं आणि बोट ठेवून दाखवायचं. शब्द एक आणि अवयव दोन असले की घोटाळा होतो.

हे मी बोलले. फळ्यासमोर उभी राहून, मोठ्या आवाजात.

त्याच तासाला पुढच्या बाकावरची एक मुलगी उठली. घट्ट दोन वेण्या, बोलताना एक वेणी हातात. वडील कंपनीत लागले म्हणून हे कुटुंब दोन वर्षांपूर्वी वैजापूरकडून इकडं आलेलं.

"ताई, कलेजीला पित्ता लावला नाय तुम्ही."

"लहान असतो गं तो."

"लहान आसतो पण लई वंगाळ. आमची आई रविवारी कलेजी साफ करती तवा मला हात लावू देत नाय. हिरवं पाणी आसतं त्याच्यात. फुटला की सगळं कालवण कडू. फेकून द्यायचं."

"बरोबर. त्याला पित्ताशय म्हणतात. यकृतात पित्त तयार होतं, ते साठवायची ती पिशवी. तेलकट खाल्लं की ती पित्त सोडते, मग ते पचतं."

"पिशवी" म्हटल्याबरोबर मागच्या दोघी-तिघी मुली एकमेकींना कोपर मारून हसल्या. त्या का हसल्या हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

त्यानंतरच्या एका शनिवारी ती मुलगी आली नाही. मी विचारलं तर तिची मैत्रीण म्हणाली, "ती घरी सैपाक करती ताई. तिच्या मम्मीची पिशवी काढायची होती ना. मम्मी गेलीच नाय दवाखान्यात."

मी एप्रन पिशवीत कोंबला, गुलाबी कागदांचा गठ्ठा बरोबर घेतला आणि निघाले. रस्ताभर माझ्या डोक्यात भाषण तयार होत होतं. कोण तो डॉक्टर, कशासाठी घाई, बाई पस्तिशीचीसुद्धा नसेल! घर सापडेपर्यंत भाषण पाठ झालं होतं.

दोन खोल्यांचं घर. बाहेरच्या खोलीत आई कुशीवर पडलेली, गरम पाण्याची रबरी पिशवी बरगडीखाली दाबून. आत मुलगी विळीवर तोंडली चिरत होती. आणि कपाटाच्या आरशात खोचलेलं माझं पत्रक.

"या मॅडम." आई उठायला गेली, उठवलं नाही. "तुमचा कागद वाचला आन् मंगळवारी गेलेच नाय. बोलवलं होतं पिशवी काढायला. फोन आला तर नाव काढा म्हणून सांगितलं."

"शाब्बास वहिनी!" मी म्हणाले. "अशाच बायका पाहिजेत!"

हे शब्द मी मुद्दाम लिहून ठेवतेय. मी कागद बघितले नाहीत, कुठं दुखतं विचारलं नाही, कण्हणाऱ्या बाईला शाब्बास म्हटलं.

आतून विळीचा आवाज थांबला.

"ताई, तुमच्या कागदातली पिशवी एप्रनवर कुठंय?"

"एप्रनवर नाहीये ती."

"का?"

"शाळेत नको म्हणाले."

"म्हंजे तुम्हीबी लपवलीच की."

"गप गं," आई म्हणाली. "मोठ्या माणसाला आसं बोलत्यात व्हय?"

पोरगी गप्प बसली नाही. हात पुसत बाहेर आली. "पण कुठं आसती ती?"

मी बेंबीच्या खाली हात ठेवला. "इथं. ओटीपोटात."

"आईचं तर वर दुखतं. हितं." तिनं आईच्या उजव्या बरगडीखाली, रबरी पिशवीवरच हात ठेवला. "मागं पाठीत जातं. भजी खाल्ली की लई. आन् उलटी होती ती हिरवी, कडू. मला वाटतं ती पित्त्याची पिशवी आहे, ताई. तुम्ही एप्रनवर लावली नाय ती."

"आता डॉक्टर झाली का तू?" आई म्हणाली.

"तूच म्हणती ना, कडू म्हंजे पित्ता!"

मी पाठ केलेलं भाषण कुठं गेलं मला माहीत नाही. मी म्हटलं, "वहिनी, दवाखान्याचे कागद आहेत का?"

कापड दुकानाच्या कॅरीबॅगेत सोनोग्राफीचा कागद होता, इंग्रजीत. मी दोनदा वाचला. पित्ताशयात खडे, एक-दोन नाही, बरेच. पित्ताशयाची भिंत सुजलेली. आणि खाली गर्भाशयाच्या समोर एकच शब्द: नॉर्मल.

"तुम्हाला नेमकं काय सांगितलं होतं तिथं?"

"खिडकीवरच्या माणसानं सांगितलं. पिशवीत खडे झालेत, पिशवी काढायची, मंगळवारी उपाशीपोटी या."

"कोणती पिशवी, विचारलं नाही?"

"पिशवी म्हणले की! त्याच्यात काय इचारायचं?" तिनं डोळे मिटले. "माझ्या भावजयीची काढली, पैठणला आसती ती. तवापासून तिची कंबर गेली ती गेलीच. म्हणलं, तुमचा कागद देवासारखा आला."

त्या खिडकीवरच्या माणसाचा मला संताप आला. खरंच आला. "पित्ताची" हा एक शब्द बोलायला किती वेळ लागतो? पण संताप अर्ध्यावर आला आणि मागं फिरला. त्यानं एक शब्द गिळला होता. मीही एक गिळला होता, आणि वर उरलेली नुसती "पिशवी" गुलाबी कागदावर छापून गल्लोगल्ली वाटली होती.

"वहिनी, माझं चुकलं," मी म्हणाले. "मघाचं शाब्बास परत घेते."

"परत घेऊन काय करू मी? काढायची का ठेवायची, एकदा काय ते सांगा."

प्रश्न बरोबर होता. मी एप्रन काढला, पोरीला घातला. घरात होतं ते घेतलं. फळांच्या टोपलीतला एक पेरू उलटा करून त्या रिकाम्या पट्टीवर धरला. "ही गर्भाची पिशवी. हिच्यात बाळ वाढतं, पाळी हिच्यामुळं येते. माझा कागद हिच्याबद्दल आहे. हिला काही झालेलं नाही, कागदावर तसं लिहिलंय." मग मरून यकृत वर उचललं. मी काही शोधायच्या आत पोरीनं ताटलीतलं एक अख्खं तोंडलं घेऊन यकृताखाली धरलं.

"हा पित्ता."

"ही पित्ताची पिशवी. खडे हिच्यात आहेत. ही काढली तरी पित्त यकृतात तयार होतंच, थेंब थेंब आतड्यात उतरत राहतं. काढायची की नाही हे डॉक्टर ठरवतील, मी नाही. पण त्यांनी काढा म्हणून सांगितलेलं असताना माझ्या कागदामुळं घरी बसू नका. तो कागद हिच्यासाठी नाही."

आई पेरू आणि तोंडल्याकडं आळीपाळीनं बघत राहिली. मग हसायला लागली आणि बरगडी धरली. "हसवू नका, दुखतंय! मी आपली पेरूसाठी रडतीय आन् सडलंय तोंडलं."

पोरीनं तोंडलं खाली ठेवून आईच्या कपाळाला हात लावला. "ताई, अंग तापलंय हिचं."

"सकाळपासून कसर आहे," आई म्हणाली.

पित्ताशय सुजलेलं, दुखणं चालू आणि ताप. यापुढं चर्चेला जागा नव्हती. पोरीनं शेजारच्यांच्या मोबाइलवरून वडिलांना कंपनीत फोन लावला, मी रिक्षा आणली. दुपार व्हायच्या आत आम्ही दवाखान्यात होतो.

खिडकीवर तोच माणूस. मी पुढं सरसावले. त्याला सुनवायची मला घाई होती. पण आईनं माझा दंड धरून मला मागं केलं आणि स्वतः खिडकीच्या काठाला टेकून उभी राहिली.

"तुम्ही नाव काढून घेतलं होतं ना बाई? मग आता कशाला?"

"पिशवी काढायची म्हणले होते तुम्ही."

"हो मग?"

"कोणची?"

"कोणची म्हणजे? पित्ताची!"

"मंग तोंडानं तसं म्हणा की! बाईच्या पोटात काय एकच पिशवी आसती व्हय?"

रांगेतल्या बायका हसल्या. एक मागून म्हणाली, "बराबर इचारलं बाई." त्या माणसानं मान खाली घालून केसपेपर काढला. मी केलेल्या कुठल्याही भाषणाचा इतका परिणाम झालेला मला आठवत नाही.

तिला दाखल करून घेतलं. आधी ताप उतरवला, मग दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. डॉक्टर बाई राऊंडला आल्या तेव्हा म्हणाल्या, आणखी चार दिवस घरी काढले असते तर अवघड होतं. घरी का काढले, असं त्यांनी विचारलं नाही. मी आपण होऊन सांगितलं आणि पत्रक पुढं केलं. त्यांनी ते उभ्या उभ्या वाचलं, खिशातला पेन काढला आणि प्रत्येक "पिशवी"च्या आधी एक शब्द लिहिला: गर्भाची.

"बाकी ठीक आहे," त्या म्हणाल्या. "पण 'काढू देणार नाही' काय? कधी कधी हीसुद्धा काढावी लागते. का काढताय ते विचारा, दुसरीकडं दाखवा, असं लिहा."

मला ते झोंबलं. बरोबर होतं म्हणून जास्त झोंबलं. मी पत्रक नव्यानं लिहिलं. उद्गारचिन्हं ठेवली, ती माझी आहेत. वरचं वाक्य आता असं आहे: "काढायची म्हणाले? कोणती पिशवी ते विचार! का ते विचार!" जुने कागद जिथं वाटले त्या गल्ल्यांत परत गेले. दारं वाजवून सांगितलं की आधीच्या कागदात माझी चूक होती, तो द्या, हा घ्या. दोन-तीन ठिकाणी लोक हसले. हसू दे. पत्रक मागं घ्यायला लाज वाटणाऱ्यानं पत्रक काढू नये, हे माझं मत पक्कं झालंय.

मग चाचांकडं. पित्त्याचं नाव काढल्यावर ते फक्त "मैं बोला था" एवढंच म्हणाले आणि हिरवं कापड शोधायला लागले.

"और एक बनाना है चाचा. बच्चादानी."

कात्री थांबली. चाचांनी दुकानाबाहेर पाहिलं, मग माझ्याकडं. म्हणाले, "रंग कौनसा?"

आणि मुख्याध्यापक बाईंकडं. या वेळी मी "बरं" म्हणायला गेले नव्हते. झालेलं सगळं सांगितलं, माझं शाब्बाससुद्धा. म्हटलं, एप्रनवर ही जागा रिकामी ठेवली म्हणून एका बाईनं चुकीच्या अवयवासाठी दुखणं अंगावर काढलं. पालक आले तर मला बोलवा, मी बोलते त्यांच्याशी.

"लावा," त्या म्हणाल्या. "पण फोटो काढून ग्रुपवर टाकू नका."

त्यानंतरच्या शनिवारी ती मुलगी तासाला आली. हातात एक छोटी बाटली, झाकण घट्ट. दवाखान्यात ऑपरेशननंतर नातेवाइकांना दाखवायला दिलेली. तिनं ती मागून घेतली होती. आत पिवळट तपकिरी खडे. बाटली बाकाबाकांवरून फिरली.

"हे तर हरभरे आहेत!"

"खाऊन बघ मंग," ती म्हणाली.

एप्रन तिनंच घातला. कुणी सांगायची वाट न बघता यकृत लावलं, त्याच्याखाली चाचांचा हिरवा पित्ता लावला, आणि परत उपटून हातात घेतला. "ही पित्ताची पिशवी. ही आता माझ्या आईकडं नाय. तरी ती जेवती. भजी नाय देत आम्ही, पण जेवती." मग टेबलावरची गुलाबी कापडी पिशवी उचलली, पेरूसारखीच, खाली निमुळती, आणि बेंबीखालच्या पट्टीवर दाबून बसवली. वेल्क्रोचा करकर आवाज झाला. "आन् ही माझ्या आईकडं आहे."

मागच्या मुलींनी पुन्हा एकमेकींना कोपर मारलं. एका मुलानं हात वर केला. "ती कसली?"

तिनं माझ्याकडं पाहिलं. मी खडू खाली ठेवला.

"सांग," मी म्हटलं. "पूर्ण नाव घेऊन सांग."